बारगीरांकडचा पोलादी जावई

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत सकाळी नवाच्या सुमाराला भोपळे उन्हाला बसतात आणि कारागीर सावलीला. दस्तगीर बारगीरांच्या कारखान्यात मात्र चार महिन्यांपासून आणखी एक जण बसू लागला होता. खांद्यापासून बोटांपर्यंतचा एक पोलादी हात, शिसवी चौरंगावर चार बोल्टांनी पक्का केलेला. तो आला त्या दिवशी त्याला हार घातला, पेढे वाटले. भुसा बसू नये म्हणून अंगावर मलमलीची चादर, तापू नये म्हणून डोक्यावर स्वतंत्र पंखा, आणि वीज गेली की इन्व्हर्टरची पहिली तार त्याला. काम म्हणाल, तर आजवर तंबोऱ्याच्या एकाही घोडीला त्याने कानस लावलेली नव्हती. बसतो मानाने, खातो वीज आणि उठवलं तर रुसतो, म्हणून गल्लीने त्याचं नाव ठेवलं ‘जावई’.

या जावयाला कामाला लावायला वृषाली चौगुले रोज सांगलीहून येत होती. पुण्यातली बारा वर्षांची प्रोग्रॅमरची नोकरी ‘आता मर्जीची कामं करीन’ असं ऐटीत सांगून तिने सोडली होती. मर्जीचं पहिलंच काम हे. आज अकरावा दिवस होता आणि तिची मर्जी कधीच संपली होती.

“ताई, आज होईल ना?” दस्तगीरचाचांचा मुलगा जमीर म्हणाला. एका कानाला फोन, दुसरा वृषालीकडे.

सकाळपासून त्याचं हे चौथ्यांदा विचारणं. माणसांच्या सवयी मोजायची वृषालीला खोड होती. जमीर दर वीस मिनिटांनी विचारतो, चाचा अर्ध्या तासाने नुसते खाकरतात, आणि पडद्यामागे दोरे भरत बसलेल्या तहसीनने, चाचांच्या मुलीने, अकरा दिवसांत एकदाही काही विचारलेलं नाही, एवढी नोंद तिच्याकडे पक्की होती. जो विचारत नाही त्याला बहुतेक वेळा सगळं माहीत असतं, हाही तिचा अनुभव. पण त्याच्या मागे लागायला सवड कुणाला होती?

तंबोऱ्याचं गुपित त्याच्या घोडीत असतं. भोपळ्यावर बसवलेली ती हाताच्या दोन बोटांएवढी पट्टी. तिच्यावरून तारा जातात. तिच्या पाठीला कानशीने केसभर उतार द्यायचा; तो बरोबर साधला की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. त्याला म्हणतात जवारी. उतार किंचित जास्त झाला तर तंबोरा मुका, कमी झाला तर सर्दी झाल्यासारखा. हा अंदाज कुठल्या मोजपट्टीवर नव्हता, फक्त चार-दोन माणसांच्या मनगटात होता. आणि ती मनगटं म्हातारी होत चालली होती.

म्हणून ‘हातठसा’ आला. कारागिराच्या हातात तारांचा मोजा चढवायचा आणि त्याला काम करू द्यायचं. कुठे किती दाब, कुठे किती थांबा, मनगट कधी वळलं, हे सगळं मोज्यातून उतरवून घ्यायचं. तो ठसा पोलादी हातात घातला की हात त्या कारागिरासारखा चालतो. पुढे सरकारने हस्तनोंद मंडळ काढलं आणि नियम केला, की ज्या कारखान्याचा हात नोंदवलेला, त्याच्याच मालावर कारखान्याचा शिक्का.

मंडळाचा परीक्षक उद्या, शनिवारी येणार होता. त्याच्यासमोर जावयाने एक जवारी लावून दाखवली तर बारगीरांना नोंदणीचा नंबर. नाही लावली तर पुढची पाळी तीन वर्षांनी.

“एकदा नंबर पडला की झालं,” जमीर फोनवर कुणाला तरी सांगत होता. “शिक्का फक्त ह्याच हाताच्या जवारीला. बाकी कुणी आमच्यासारखी लावली तर ती नक्कल. मंडळाचा कॅमेराच पकडतो की.”

“आणि मी लावली तर?” पडद्यामागून आवाज आला.

वृषालीची बोटं कीबोर्डवर थांबली. अकरा दिवसांतला हा पहिला प्रश्न.

“तू कशाला लावतीस?” जमीर हसला. “तू दोरे भर, खुंट्या घास. जवारी घराण्याची असते. मुलगी उद्या दुसऱ्या घरी जाणार.”

“तुझं उद्या उद्या ऐकत मी एकतीसची झाले,” तहसीन म्हणाली. पडदा हलला नाही.

चाचा खाकरले. अर्धा तास व्हायला अजून बारा मिनिटं होती, हे वृषालीच्या ध्यानात आलं. पण समोरच्या लॅपटॉपवर लाल अक्षरं उमटली आणि ती पुन्हा आपल्या दुखण्याकडे वळली.

दुखणं असं होतं. चाचांचा ठसा आठ वर्षांपूर्वी गोरे नावाच्या एका इंजिनियरने उतरवला होता. गोरे आता हयात नव्हते. त्यांचा चंदेरी लॅपटॉप होता, पण त्याची बॅटरी फुगून पुरीसारखी झाली होती आणि वायर हलली की तो डोळे मिटायचा. त्यांचा प्रोग्रॅम ‘ऑब्जेक्टिव्ह-सी’ या जुन्या संगणकभाषेत, जावई शिकलेला ‘पायथन’. दोघांच्या मध्ये एक पूल टाकायचा, म्हणजे पायथनमधून हाक मारली की पलीकडचा ठसा उठून आला पाहिजे. पूल तयार मिळतो. भांडण त्याच्यावरून माणसं नेताना होतं.

पायथनमध्ये एखादी वस्तू घडवायची तर नुसतं तिचं नाव घेऊन हाक मारायची, ती घडून समोर उभी. पहिले चार दिवस वृषालीने तसंच केलं आणि पलीकडून कोरडं उत्तर येत राहिलं, की आमच्यात असं चालत नाही. आमच्यात दोन पायऱ्या. पहिली ‘अलॉक’, म्हणजे वस्तूपुरती जागा आखून द्यायची. दुसरी ‘इनिट’, म्हणजे त्या जागेत तिचा गुण भरायचा. मधलं काही चालत नाही.

पुढचे तीन दिवस तिने स्वतःची इनिट लिहिण्यात घालवले. ती पायथनच्या पद्धतीने लिहिली, तर पलीकडच्याने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग पलीकडच्या पद्धतीने लिहिली. ती चालली, सगळं भरलं गेलं, आणि शेवटी हातात आलं ‘काहीच नाही’. शब्दशः तसंच लिहून आलं. त्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन एका भोपळ्याला शिव्या दिल्या. भोपळा शांत होता.

“काय गं पोरी, सांग तरी,” आता चाचा म्हणाले. ते भिंतीला टेकून दोन्ही हात शालीत घालून बसले होते. चैत्रातही शाल. “आमच्या भाषेत सांग.”

“तुमच्या भाषेत?” वृषाली वैतागून वळली. “एकाने भोपळा-दांडी जोडायची, दुसऱ्याने जवारी लावायची. दोन माणसं, दोन कामं. मी जोडून दिला, जवारीही झाली, आणि घरी काही आलंच नाही.”

“मग परत आणायला कुणी गेलं होतं?”

“म्हणजे?”

“तंबोरा जवारीला दिला,” चाचा शांतपणे म्हणाले, “जवारी झाली. जवारीवाला स्वतःहून घरपोच करतो होय? ‘झाला, घेऊन जा’ म्हणून तो हातात द्यायला लागतो. तुझ्या माणसानं दिला का?”

वृषालीने आपल्या चाळीस ओळी वर-खाली पाहिल्या. इनिटच्या शेवटी ‘घडलेली वस्तू परत दे’ ही ओळ असावी लागते. तिने ती लिहिलीच नव्हती. तीन दिवस ती हेच शोधत होती. तिने कपाळावर हात मारला तो एवढ्या जोरात की जमीरने फोन खाली घेतला.

ओळ लिहिली. प्रोग्रॅम चालवला. जावयाच्या खांद्यात घुर्र झालं, हिरवा दिवा लागला, पोलादी बोटांनी कानस उचलली.

“या अल्ला,” जमीर म्हणाला.

हात घोडीवर गेला, डावीकडून उजवीकडे सरकला, परत आला, पुन्हा गेला. गती सुरेख, डौल उस्तादाचा. फक्त कानस घोडीपासून नखभर वर होती. आवाज नाही, भुसा नाही.

“हवेत आरती ओवाळतोय,” तहसीन म्हणाली. या वेळी पडदा बाजूला झाला होता आणि ती हसू दाबत दारात उभी होती.

दाब सगळीकडे शून्य. म्हणजे जागा होती, गुण नव्हता. वृषालीने गोऱ्यांचा प्रोग्रॅम पुन्हा उघडला. मृत माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण ज्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये टिपणं लिहून ठेवली नाहीत त्याला ही सवलत असू नये, असं तिचं मत झालं होतं. अख्ख्या सहा हजार ओळींत गोऱ्यांचं टिपण एकच, आणि तेही इनिटच्या डोक्यावर: ‘हाक मारली तोच येईल असं नाही. येईल त्याला धरा.’

“हे बघा!” ती उसळली. “ही काय लिहायची जागा आहे? माणसाने इथे दाबाचं माप लिहावं, तारीख लिहावी. हा भजन लिहून गेलाय!”

“काय लिहिलंय?” तहसीनने विचारलं.

वृषालीने वाचून दाखवलं.

तहसीनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण थोडं वेगळं झालं. “ताई, हे तर आमच्या गल्लीतलं आहे. जवारीवाल्याकडे तंबोरा टाकला आणि त्याच्या लक्षात आलं की हे लाकूड बोलणार नाही, तर तो आपल्याकडचा दुसरा जवारी लावून देतो. सांगत बसत नाही. ‘हा घेऊन जा’ म्हणतो. गिऱ्हाईक शहाणं असलं तर तो घेतं. नवं असलं तर दारात बसून राहतं, ‘मी दिलेला तोच पाहिजे’ म्हणून. त्याला तोच मिळतो. मुका.”

“आणि गोरे इथे बसून हे ऐकायचे?”

“तीन आठवडे होते की. चहाला मागच्या खोलीतच यायचे.”

वृषालीने आपल्या इनिटमधली ओळ पाहिली. ओळ नव्हे, दोन ओळी. प्रत्येक पायरी वेगळी लिहायची, म्हणजे तपासता येते, ही तिची बारा वर्षांची शिस्त. पहिल्या ओळीत तिने जागा आखून घेतली होती आणि तिला नाव दिलं होतं ‘उस्ताद’. दुसऱ्या ओळीत उस्तादाला गोऱ्यांच्या इनिटकडे पाठवलं होतं. आणि त्या इनिटने जे परत दिलं, ते तिने घेतलंच नव्हतं. ती मघाचाच उस्ताद धरून बसली होती, दारातल्या नव्या गिऱ्हाइकासारखी. पलीकडच्या भाषेत इनिटला मुभा असते, की पाठवली ती वस्तू मोडीत काढून तिच्याऐवजी दुसरीच परत द्यावी. हे तिने कधीतरी वाचलं होतं आणि ‘कोण कशाला असं करेल’ म्हणून सोडून दिलं होतं.

तिने दोन ओळींची एक ओळ केली. येईल तो धरला.

या वेळी कानस घोडीला टेकली.

खर्रर. बारीक पांढरा भुसा उडाला. जावई काम करत होता! डावीकडून लांब हात, मग दोन आखूड, थांबा, पुन्हा लांब. जमीरने फोन कट केला, हे वृषालीने या घरात पहिल्यांदाच पाहिलं. पोलादी हात पहिल्या तारेच्या जागेवरून दुसरीकडे आला, दुसरीकडून तिसरीकडे. आणि तिथे त्याने कानस उलटी केली, अंगठा बाहेर काढून करंगळीच्या बाजूने धरली, तीनदा घासली आणि पुन्हा सुलटी केली.

“हे काय केलं त्यानं?” जमीर म्हणाला. “अब्बा असं नाही धरत.”

तहसीनने आपला उजवा अंगठा मुठीत लपवला. पण वृषालीने पाहिला होता. अंगठ्याच्या पेरावर जुन्या जखमेचा पांढरा व्रण होता. तसा अंगठा ज्याचा असेल त्याला तिसऱ्या तारेपाशी कानस सुलटी धरवणार नाही. जावई चौथ्या तारेपाशी येऊन थांबला; जमीरने तार छेडली, तर ती गुंजली.

वृषालीने आलेल्या वस्तूला तिचं वर्णन विचारलं. पडद्यावर एक ओळ उमटली. तिने ती मोठ्याने वाचायला नको होती, पण अकरा दिवसांच्या वैतागाने तिच्या जिभेचा ताबा सुटला होता.

“हात: तहसीन दस्तगीर बारगीर. वय तेवीस.”

पंखा फिरत होता.

गोऱ्यांच्या इनिटमध्ये पुढे सगळं सरळ लिहिलेलं होतं. आधी दस्तगीरांचा ठसा उचल. त्यातला कंप ठरावीक मापाच्या वर असेल तर तो सोड आणि दुसरा परत दे. कंप मापाच्या चौपट होता.

“मोजा चालतो का बघतो म्हणाले होते,” तहसीन हळूच म्हणाली. “वायर तपासायचीय, म्हणाले. मी दोन दिवस तो घालून घोड्या घासत बसले. मला काय माहीत ते उतरवून घेतायत.”

“चूक झालीय काहीतरी,” जमीर वृषालीला म्हणाला. “ताई, फॉर्मवर अब्बांचं नाव टाका आणि विषय संपवा. गवई लोक अब्बांचं नाव ऐकून येतात. आठ वर्षं अब्बांची जवारी—”

चाचांनी शालीतून उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो पिंपळाच्या पानासारखा हलत होता.

“ह्या हातानं कपातला चहा बशीत नीट उतरत नाही,” ते म्हणाले. “आठ वर्षं जवारी कोण लावतंय, तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं?”

“मला वाटलं तुम्ही सकाळी लवकर उठून...”

“तू फोनवर होतास.”

“आणि तुम्ही?” तहसीन एकदम म्हणाली. ती जमीरकडे नाही, बापाकडे बघत होती. “तो फोनवर होता. तुम्ही तर समोर बसून ऐकत होता. ‘थोडी आणखी घास, बेटा’ म्हणत होता. गिऱ्हाईक आलं की मला पडदा ओढायला कोण सांगायचं?”

चाचांनी हात पुन्हा शालीत घेतला.

“भ्यालो,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक जाईल म्हणून नाही. तुझं नाव झालं की तू जाशील म्हणून.”

तहसीनने चौरंगावरचा भुसा पुसायला घेतला. काही उत्तरं आठ वर्षं उशिरा मागितली की मिळत नाहीत.

“लिही बाई,” चाचा वृषालीला म्हणाले. “मूळ हात कुणाचा, तिथं तिचं नाव लिही. जमीर, तू गप.”

वृषालीने लिहिलं. मंडळाचा फॉर्म काही तेवढ्यावर समाधान मानणारा नव्हता. मूळ कारागीर हयात असेल तर त्याने कॅमेऱ्यासमोर एकदा काम करून दाखवायचं, म्हणजे ठसा आणि माणूस एकच आहेत याची खात्री. साधी अट होती. तहसीनने ओढणी कमरेला खोचली, नवी घोडी तारांखाली बसवली आणि कानस उचलली.

पहिली तार, दुसरी तार, तिसरीला कानस उलटी. जावयाने केलं होतं तेच, तसंच. मग चौथ्या तारेपाशी, जिथे जावई थांबला होता, तिथे ती थांबली नाही. तिने मान तिरकी केली, नखाने तार छेडून ऐकली, आणि कानशीच्या टोकाने आणखी पाच-सहा अगदी हलके हात मारले. तार आणि घोडीच्या मधला जवारीचा दोरा सरकवला. तार छेडली.

वृषालीला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण जावयाच्या जवारीवर तार गुंजली होती, आणि आता जे झालं त्याने खोलीतली हवा जाड झाल्यासारखी वाटली. चाचांचे डोळे मिटले होते.

“हे कधी शिकलीस?” त्यांनी विचारलं.

“तीन वर्षं झाली. आधी मी तिथं थांबायचे. चूक होती ती.”

कॅमेऱ्याने दोन्ही हात ताडून पाहिले आणि निकाल लावला. पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘हात जुळत नाही. नक्कल असण्याची शक्यता. कृपया मूळ हाताप्रमाणे पुन्हा प्रयत्न करावा.’

“म्हणजे?” जमीर म्हणाला.

“म्हणजे त्याच्याकडे तेवीस वर्षांची तहसीन आहे,” वृषाली सावकाश म्हणाली. “ही एकतीसची आहे. आज नंबर पडला, तर उद्यापासून शिक्का त्या तेवीसच्या जवारीला. हिने लावलेली...” तिने वाक्य सोडून दिलं. पडद्यावर ते आधीच लिहिलेलं होतं.

“पुन्हा केलं तर जुळेल?” तहसीनने विचारलं.

“जुन्यासारखं केलंस तर. चौथ्या तारेला थांबलीस तर.”

“म्हणजे मी मुद्दाम चुकून दाखवायचं. मी मीच आहे हे पटवायला.”

“किंवा नवा मोजा मागवायचा, नवा ठसा घ्यायचा,” वृषाली म्हणाली, पण तिलाच त्यात दम वाटेना. मोजा यायला महिना जाईल, आणि परीक्षक उद्या अकराला दारात.

जमीरने फोन खिशात टाकला. तहसीन कानस हातात धरून उभी होती, ना ठेवत होती, ना उचलत होती. पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करावा’ची पट्टी मिचमिचत होती आणि जावई चौरंगावर हिरवा दिवा लावून हुकुमाची वाट पाहत बसला होता.

“बाई,” दस्तगीरचाचा वृषालीला म्हणाले, “उद्या तो साहेब आला की माझ्या वतीनं त्याला एवढंच विचार. ज्याचं शिकणं अजून संपलेलं नाही, त्याचा हात नोंदवायचा तरी कधी?”